आठ दिवसांचे गुरुजी

परदेशातील खात्यापित्या घरची तरुण मुले सुट्टीत विमानाने दुसऱ्या देशात जातात, तेथील गरिबांच्या मुलांना आठ-पंधरा दिवस शिकवतात, अधूनमधून एखादा किल्ला नाहीतर समुद्रकिनारा पाहतात आणि प्रमाणपत्र घेऊन घरी परततात. या व्यवहाराला विवेचनाच्या सोयीसाठी 'सेवासहल' म्हणावे. तीत सेवा किती आणि सहल किती, यावर पश्चिमेकडील विद्वानांनी पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. भारत सरकारने मात्र हा वाद केव्हाच निकालात काढला असून, पर्यटकाच्या ई-व्हिसावर करता येण्याजोग्या गोष्टींत स्थलदर्शन, नातलगांच्या भेटी आणि योगाचे छोटे वर्ग यांच्याच पंगतीला जास्तीत जास्त एक महिन्याचे, बिनमोबदल्याचे स्वयंसेवी काम बसवले आहे. ताजमहाल पाहणे आणि आदिवासी मुलाला अक्षरओळख करून देणे ही दोन्ही कामे एकाच शिक्क्यात उरकतात, ही प्रशासकीय काटकसर कौतुकास्पदच म्हटली पाहिजे.

याउलट रोहे तालुक्यातील एखाद्या मुलीला शेजारच्याच गावातील जिल्हा परिषद शाळेत पहिलीचा वर्ग घ्यावासा वाटला, तर तिला आधी बारावी, मग अध्यापनाची दोन वर्षांची पदविका, मग शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजेच उमेदवारांची झोप उडवणारी टीईटी, त्यानंतर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि एवढे दिव्य पार पडल्यावर 'पवित्र' नावाच्या शासकीय पोर्टलवरील यादीची आराधना, असा क्रम पाळावा लागतो. सेवासहलीच्या गुरुजींना पासपोर्ट, दंडावर टोचलेल्या लशी आणि परतीचे तिकीट एवढी पात्रता पुरते. यावरून असा सिद्धान्त मांडता येतो की शिक्षकाचे घर शाळेपासून जितके लांब, तितकी त्याच्या पात्रतेची चौकशी कमी.

हा सिद्धान्त पडताळून पाहण्यासाठी खांब हे गाव सोयीचे आहे. मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे मागे टाकून सुकेळी खिंड ओलांडली की कोलाडच्या अलीकडे ते लागते. या भागातील डोंगरउतारांवर कातकऱ्यांच्या वाड्या आहेत, आणि पुढे कोलाडला, भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर कुंडलिकेत राफ्टिंग, म्हणजे रबरी तराफ्यातून खळाळत्या प्रवाहात झोकून देण्याचा खेळ, चालतो. सकाळी तराफा आणि दुपारी तक्ता असा कार्यक्रम येथे एका दिवसात बसू शकतो. तेव्हा असा एक गट मुंबईच्या विमानतळावर उतरून खांबकडे निघाला आहे असे समजावे. महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले, तेव्हा या गटातील बहुतेक जण बालवाडीच्या वयाचे असणार. त्यामुळे 'विकसनशील' या संज्ञेतील क्रिया नेमकी किती काळ चालू राहू शकते, हे त्यांना वाटेतच सोदाहरण समजते.

खरी अडचण पोहोचल्यावर उभी राहते, आणि ती पंचांगाची असते. कातकरी ही पूर्वी खैराच्या लाकडापासून कात काढणारी आणि आता बहुतांशी मजुरीवर जगणारी जमात असून, केंद्र सरकारने विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या महाराष्ट्रातील तीन आदिवासी गटांपैकी ती एक आहे. दिवाळी झाली की यांतील बरीच कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. गोऱ्या गुरुजींना मोठी सुट्टी मिळते ती नाताळात. त्या वेळी हवा सुखद असते, ओढ्याला बेताचे पाणी असते, शेतात वाल तयार असतो आणि रात्री पोपटीही लावता येते, म्हणजे वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात कोंबून, मडके उपडे घालून भोवती जाळ करता येतो. सगळे यथासांग असते, फक्त विद्यार्थी नसतात. वाडीवर उरलेली म्हातारी माणसे आणि त्यांच्यापाशी ठेवलेली चार-दोन पोरे एवढ्यांवर गटातील डझनभर शिक्षकांची वाटणी करावी लागते. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घातले आहे. येथे एका मुलामागे तीन शिक्षक मिळतात आणि तेही एकाच वेळी बोलतात.

दुसरी मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये येते. तेव्हा मुले वाडीवर असतात, पण पाऊसही असतो, लावणीही असते आणि ओढ्याला चिंबोऱ्याही असतात. या तिहेरी आकर्षणापुढे कोणत्याही अभ्यासक्रमाचा टिकाव लागणे कठीण. विद्यार्थी आणि असे शिक्षक एकाच छपराखाली, एकाच वेळी आणि कोरड्या अंगाने भेटणे हा कपिलाषष्ठीचा योग होय.

तो योग आलाच, तर अध्यापनाला सफरचंदाच्या इंग्रजी नावाने सुरुवात होते. गेल्या वर्षीच्या गटानेही तेथूनच सुरुवात केलेली असते आणि पुढच्या वर्षीचा गटही तेथूनच करणार असतो, कारण प्रत्येक गटाला मुले कोरी पाटी वाटतात. वास्तविक तिसरीतील एखाद्या चुणचुणीत मुलीला सफरचंदापासून झेब्र्यापर्यंतचा सगळा बाजार पाठ असतो. परंतु उत्तर झटकन दिले तर पाहुण्या ताईचा चेहरा उतरतो आणि थोडे अडखळून दिले तर ती टाळ्या वाजवते, हे निरीक्षण तिने केव्हाच करून ठेवलेले असते. म्हणून ती दोनदा मान हलवते, एकदा चुकते आणि तिसऱ्या खेपेला ताईला यश मिळवून देते. पाहुण्याला रित्या हाताने पाठवू नये हा संस्कार इतक्या लहान वयात इतक्या सफाईने अमलात आणल्याचे उदाहरण शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत सापडणे अवघड आहे.

उलट दिशेने होणारे अध्यापन अधिक अभ्यसनीय आहे. महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत गेली काही वर्षे ज्ञानरचनावादाचा बोलबाला आहे. मुलाला आयते ज्ञान न देता अनुभवातून ते स्वतःला रचू द्यावे, असे ही विचारसरणी सांगते आणि तिच्यासाठी शिक्षकांची प्रशिक्षणेही झाली आहेत. वाडीवरील दहा वर्षांचा मुलगा कोणत्याही प्रशिक्षणाला न जाता ती जशीच्या तशी राबवतो. तो पाहुण्या दादाला ओढ्यावर नेतो, दगड अलगद उचलतो, चिंबोरी मागच्या बाजूने कवचावर बोट दाबून धरतो, म्हणजे तिच्या नांग्या हातापर्यंत पोहोचत नाहीत, आणि काहीही न बोलता पुढचा दगड दादाला दाखवतो. दादा समोरून हात घालतो. यानंतर जे ज्ञान रचले जाते ते आयुष्यभर टिकते, त्याला उजळणी लागत नाही, आणि मूल्यमापनही जागच्या जागी, बोटावरच झालेले असते. दुपारी हाच दादा त्याच मुलाला इंग्रजीत बोटे मोजायला शिकवतो, तेव्हा मुलगा त्यातल्या सुजलेल्या बोटाकडे आदराने पाहतो.

शेवटच्या दिवशी भिंत रंगवली जाते, कारण शिकवलेले छायाचित्रात येत नाही आणि रंगवलेले येते. भिंतीवर सूर्यफूल, पृथ्वीचा गोल आणि हातांचे ठसे उमटतात. पुढचा पावसाळा त्यांतील बराच भाग धुऊन नेतो आणि पुढच्या गटाला काम शिल्लक ठेवतो, एवढे नियोजन निसर्गानेच करून ठेवले आहे.

या सगळ्यात एक गोष्ट नजरेआड होते. दूरदेशी जाऊन अनोळखी लोकांत, अनोळखी भाषेत राहण्याचा अनुभव स्वयंसेवकाला आयुष्यात एकदा येतो. भट्टीवर जाणाऱ्या मुलाला तो दरवर्षी येतो, आणि काही कुटुंबे कर्नाटकापर्यंत जात असल्याने कानडीचे थोडे शिक्षणही फुकटात होते. त्याच्या सहलीचा खर्च 'उचल' या नावाने आधीच मिळतो, म्हणजे मालक हंगामापूर्वी आगाऊ रक्कम देतो आणि ती फिटेपर्यंत हजारी विटांच्या हिशेबाने कुटुंब राबते. मुलाच्या वाट्याला धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी आणणे आणि वाळत घातलेल्या ओल्या विटा उलटणे ही कामे येतात. प्रमाणपत्रही त्याला मिळते: स्थलांतरित मुलांना जातील तेथील शाळेत दाखल करून घ्यावे यासाठी राज्यात 'शिक्षण हमी पत्रक' दिले जाते. फरक इतकाच की स्वयंसेवकाचे प्रमाणपत्र विद्यापीठाच्या प्रवेशअर्जाला जोडले जाते, आणि मुलाचे पत्रक कोणाला दाखवायचे तो शिक्षक भट्टीपासून किती कोस दूर आहे, यावर सगळे अवलंबून असते. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने १९९०च्या दशकात शाळाच भट्टीवर नेली आणि मजुरांच्या भोंग्यांवरून, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवरून, तिला 'भोंगाशाळा' हे नाव पडले. विद्यार्थी जेथे असतो तेथे शिक्षकाने जावे, ही कल्पना इतकी साधी आहे की ती सुचायला विमानाचा प्रवास लागत नाही.

परदेशी माणसाने येथे येऊन शिकवू नये, असा याचा अर्थ नव्हे. सिंथिया फरार ही अमेरिकी शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईत उतरली, तेव्हा नुसत्या समुद्रप्रवासालाच आजच्या कित्येक सेवासहलींइतका काळ लागत असे. मुलींना शिकवण्याचे काम तिने मुंबईत आणि पुढे अहमदनगरला १८६२ मध्ये मरेपर्यंत केले. १९६१ ते १९७६ या काळात भारतात आलेल्या पीस कोअरच्या तरुण अमेरिकी स्वयंसेवकांना आधी येथील भाषेचे धडे मिळत आणि मुक्काम साधारण दोन वर्षांचा असे. मॅक्सीन बर्नसन या भाषाशास्त्रज्ञ तर फलटणला आल्या, मराठीच्या अभ्यासक झाल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि १९८४ मध्ये त्यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली. या सर्वांत समान धागा एकच: त्यांना परतीची घाई नव्हती. अल्पकाळ येणाऱ्यासाठीही रोह्यातच एक कडक नमुना उपलब्ध आहे. रोह्यात जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांच्या स्वाध्याय परिवारातील भक्तिफेरीला निघालेला माणूस स्वखर्चाने जातो आणि यजमानावर आपला भार पडू देत नाही. भार हा मुद्दा विनोदाचा नाही. नेपाळ आणि कंबोडियात स्वयंसेवकांची मागणी पुरवण्यासाठी आईबाप असलेली मुलेही अनाथालयांत ठेवली गेल्याचे उघड झाले, आणि ऑस्ट्रेलियाला २०१८च्या आधुनिक गुलामगिरीविषयक कायद्याच्या निमित्ताने या प्रकाराची दखल घ्यावी लागली.

यावर एक कायदेशीर तोडगा सुचवता येतो. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. सेवासहलीचा पाहुणा वर्षाच्या मध्येच उगवतो, शाळेची भाषा जाणत नाही, सलग उपस्थित राहत नाही आणि कोणालाही न सांगता स्थलांतर करतो. तेव्हा त्याचे नाव शिक्षकांच्या नव्हे, तर विद्यार्थ्यांच्या हजेरीपटावर घालावे, दुपारी पोषण आहाराची खिचडी द्यावी आणि ओढ्यावरील विशेष प्रशिक्षण वाडीतील मुलांकडे सोपवावे. त्याने भरलेल्या शुल्कातून वाडीतीलच एखाद्या बारावी झालेल्या मुलीला हंगामभर भट्टीवर वर्ग घेण्याचे मानधन द्यावे, म्हणजे सहलही झाली आणि सेवाही घडली. कायदा सहा ते चौदा वयोगटापुरता आहे, ही एवढी अडचण राहते. शासनाने वयाची अट शिथिल करावी. बाकीच्या सर्व अटी हे विद्यार्थी पूर्ण करतात.