भोर ते वेल्हे, सर्व कागदपत्रांसह

ठासणीच्या बंदुकीला, म्हणजे जिच्या नळीत तोंडाकडून दारू आणि छर्रे भरून ते ठासावे लागतात अशा बंदुकीला, दोन उपकरणांवाचून चालत नाही: एक ठासण्याचा लोखंडी गज आणि दुसरे दारू कोरडी ठेवणारे शिंग. बंदुकीला परवाना असतो, परवान्याला क्रमांक असतो आणि अलीकडे त्याच्या जोडीला राष्ट्रीय नोंदणीतला विशिष्ट ओळख क्रमांकही असतो. परंतु शिंग आणि गज कोणाच्या मालकीचे, हे सांगणारा स्वतंत्र कागद बंदूकवाल्याच्या हाती कधी पडत नाही. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या शेजारी तालुक्यांमधील ज्या प्रवासाचे हे वर्णन आहे, त्यातील बहुतेक वेळ या एका उणिवेने खाल्ला, आणि म्हणून प्रेक्षणीय स्थळांची अपेक्षा ठेवणाऱ्या वाचकाने फार आशा बाळगू नये.

सदर प्रवासी पुण्याचा, मध्यमवयीन आणि कागदपत्रांच्या बाबतीत कमालीचा धर्मभीरू होता. दूध आणायला निघतानाही आधारकार्डाची साक्षांकित प्रत खिशात असल्याची खात्री करून घेणाऱ्या या गृहस्थाने घरातील पंख्यांची वॉरंटी पत्रके पंखे भंगारात गेल्यावरही जपली होती. किल्ले पायथ्यावरून पाहावेत, म्हणजे त्यांची भव्यता गुडघ्यांना इजा न होता ध्यानात येते, हे त्याचे दुर्गविषयक एकमेव मत होते आणि त्यावर तो आयुष्यभर ठाम राहिला. त्याचे चुलते, ज्यांना घरात सगळे नाना म्हणत, वेल्ह्याच्या बाजूला भातशेती करीत असत. नानांच्या शिंगाचे पितळी तोंड सैल झाल्याने त्यांनी ते भोरच्या एका तांबटाकडे दिले होते, गजही सरळ करण्यासाठी सोबत धाडला होता, आणि पुतण्या दिवाळीपूर्वी शेतावर येणारच आहे तर त्याने येताना दोन्ही वस्तू घेऊन याव्यात, असा फोनवरून हुकूम सोडला होता.

खुद्द बंदूक मात्र नानांच्या घरी नव्हती. शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमानुसार पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो, तसा तो नानांना मिळालेला होता. परंतु 15 ऑक्टोबर 2024 रोजी विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली आणि परवानाधारकांची शस्त्रे जमा करून घेण्याचा क्रम सुरू झाला. कोणाचे शस्त्र जमा करायचे याचा निर्णय जिल्ह्यातील छाननी समितीने नावानिशी करावा, असा दंडक आहे. नानांनी समितीची वाट पाहिली नाही. ते स्वतःच बंदूक खांद्यावर टाकून ठाण्यात गेले, पावती घेऊन परतले आणि त्या पावतीच्या प्रती पुतण्याला पाठवून मोकळे झाले. कागदांची ही आवड घराण्यातच होती.

भोरमध्ये 1869 सालचा पंतसचिवांचा राजवाडा आहे, नऊ तोफांच्या सलामीचा मान असलेल्या त्यांच्या संस्थानाची भोर ही राजधानी होती, आणि गावापासून जवळच 1928 मध्ये पूर्ण झालेले भाटघरचे धरण आहे. प्रवाशाने यांपैकी राजवाडा गाडीतून पाहिला. तांबटाच्या दुकानात मात्र तो रेंगाळला. शिंग म्हशीचे होते, हाताळून काळेभोर आणि गुळगुळीत झालेले. रुंद बाजूला सागवानी बूच, निमुळत्या टोकाला पितळी तोंड आणि त्या तोंडाशी अंगठ्याने दाबायची एक पट्टी, जी उघडून मिटली की एका बाराला पुरेल एवढीच दारू बाहेर पडे. बुचाला लहान मुलाच्या करदोट्याचा असावा तसा काळा गोफ बांधलेला होता. तांबटाने पट्टी उघडून मिटवून दाखवली, तोंडाला फुंकर मारली आणि मजुरी सांगितली. प्रवाशाने पक्की पावती मागितल्यावर त्याने आधी प्रवाशाकडे, मग पिशवीतल्या कागदांच्या गठ्ठ्याकडे पाहिले आणि दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी लिहून दिल्या.

गठ्ठा जाड असण्यास कारण होते. निघण्यापूर्वी प्रवाशाने 1959 चा शस्त्र अधिनियम वाचून काढला होता, आणि तो एकदा वाचल्यावर स्वस्थ झोपणे अवघड असते. त्याच्या दुसऱ्या कलमात, जिथे संज्ञांच्या व्याख्या दिल्या आहेत, अग्निशस्त्र या संज्ञेत केवळ बंदूक येत नाही. बाराचा आवाज किंवा जाळ कमी करणारी जोडसाधने येतात, सुटे भाग येतात, इतकेच नव्हे तर तोफ वाहून नेणारा गाडासुद्धा येतो. गजाला सुटा भाग मानले, तर वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती सळई हेच अग्निशस्त्र. दारूगोळा या संज्ञेचा पसारा त्याहून मोठा असून स्फोटक द्रव्य ठेवण्यासाठी घडवलेली वस्तूही तीत मोडते. त्यामुळे ज्यात दारूचा कणही नाही असे रिकामे शिंग दारूगोळा ठरण्याचा धोका होताच. पंचेचाळिसाव्या कलमात काही सवलती दिलेल्या आहेत. दुरुस्त करूनही जे चालणार नाही असे जुनाट शस्त्र सुटते, या न्यायाने मोडके शिंग कदाचित सुटले असते, पण तांबटाने ते नीट करून त्याची कायदेशीर प्रकृती बिघडवली होती. किरकोळ सुटे भागही सुटतात, मात्र ते स्वतःजवळच्या किंवा दुसऱ्या कोणाजवळच्या पूरक भागांसोबत वापरण्याचा इरादा नसावा लागतो. येथे पूरक भाग म्हणजे बंदूक, आणि ती ज्याच्याजवळ होती असा दुसरा कोणी म्हणजे साक्षात पोलीस खाते.

सुटकेची वाट तिसऱ्या कलमाच्या परंतुकात, म्हणजे नियम सांगून झाल्यावर त्याला जोडलेल्या अपवादात, सापडली. परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावरून दुसरा माणूस दुरुस्तीसाठी किंवा परवानाधारकाच्या वापरासाठी शस्त्र वा दारूगोळा नेऊ शकतो, असे ते परंतुक सांगते. नानांनी लगेच आखीव कागदावर अधिकारपत्र लिहून धाडले. त्यात दोन गोष्टी पुढे महागात पडल्या. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास मार्च 2024 मध्ये मंत्रिमंडळाने मान्यता दिलेली असल्याने नानांनी उत्साहाच्या भरात पत्त्यात ‘ता. राजगड’ असे लिहिले होते. आणि वस्तूंच्या वर्णनात, जुन्या माणसाच्या सवयीने, ‘दारूचे शिंग, नग एक’ असे म्हटले होते.

नसरापूरजवळ बनेश्वराचे 1749 मधले मंदिर असून तेथील घंटेवर क्रूस आणि 1683 हे साल कोरलेले आहे. वसईच्या मोहिमेत पोर्तुगिजांकडून मराठ्यांच्या हाती आलेली ही घंटा कोणत्याही पावतीवाचून आज इतकी वर्षे निर्वेधपणे वाजते आहे. प्रवाशाला हे एरवी सुचले नसते, परंतु पुढे एका नाक्यावर स्थिर सर्वेक्षण पथकाने, म्हणजे निवडणुकीच्या काळात रोकड, मद्य आणि शस्त्रे यांच्या शोधासाठी रस्त्यावर मांडव घालून बसवलेल्या पथकाने, त्याची गाडी बाजूला घेतली आणि विचार करायला भरपूर वेळ मिळवून दिला.

पथकात एक प्रमुख, काही पोलीस आणि एक चित्रीकरण करणारा तरुण होता, आणि तो बहुधा एरवी लग्नाचे व्हिडिओ काढणारा असावा. कारण पिशवी उघडताच त्याने प्रवाशाला शिंग दोन्ही हातांत धरून किंचित डावीकडे वळायला सांगितले. विचारण्याआधीच कागद पुढे करण्याची प्रवाशाची सवय येथे नडली. साधा माणूस ‘जुनं शिंग आहे’ एवढे सांगून सुटला असता, पण ज्याच्याजवळ एका शिंगासाठी एवढे कागद आहेत त्याच्याजवळ आणखी काही असलेच पाहिजे, असा सरळ तर्क पथकाने केला. अधिकारपत्रात वस्तूंच्या वर्णनाचा पहिला शब्द वाचून एका कर्मचाऱ्याने मद्याचा रकाना काढला, शिंगाला नाक लावले आणि प्रमाणाच्या जागी शून्य लिटर असे लिहिले. मग ते खोडले, कारण शून्य लिटर मद्य पकडल्याची नोंद वरच्यांना कशी समजावायची हा प्रश्न उभा राहिला. शस्त्रांच्या रकान्यात नळीवरचा क्रमांक लागतो, आणि शिंगाला नळी नव्हती. मौल्यवान वस्तूंत ते बसेना. मतदारांना वाटायच्या वस्तूंमध्ये ते घालावे अशी एक सूचना आली. त्यावर एका म्हशीच्या शिंगाने कोणाचे मत फिरते का, यावर थोडी चर्चा झाली.

त्यानंतर प्रमुखांनी खरा प्रश्न विचारला. परवान्यावर तालुका वेल्हे, अधिकारपत्रावर तालुका राजगड. तेव्हा मुळात हे दोन्ही नाना एकच कशावरून? आणि एकच मानले, तरी हे शिंग त्याच बंदुकीचे कशावरून? पहिल्या प्रश्नाला उत्तर होते. दुसरा प्रश्न बिनतोड होता. बाप मुलाला देतो, मुलगा खुंटीला अडकवतो, यापलीकडे त्या शिंगाच्या मालकीचा इतिहास कोठेही लिहिलेला नव्हता. समोरच्या डोंगरात तोरणा उभा होता, जिथे सापडलेल्या धनातून राजगड उभारला गेला अशी परंपरा आहे. 1878 च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांवरचे गुप्तधन सापडले की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि इंग्रजांचा एक शस्त्र कायदाही त्याच सालचा. स्वराज्याला थोडा उशीर झाला असता, तर त्याची सुरुवात खुलासा मागवण्यापासून झाली असती.

अखेरीस नानांना फोन लावून घरातला एखादा जुना फोटो पाठवायला सांगण्यात आले, ज्यात बंदूक आणि शिंग शेजारी दिसतील. भिंतीवरच्या बंदुकीचा फोटो आला, खुंटीवर शिंगही होते. पण त्याच्यामागोमाग, न मागता, त्याच दिवशी सकाळी काढलेला दुसराही आला. कापणीला आलेले इंद्रायणीचे खाचर रात्रीतून रानडुकरांनी लोळवले होते, लोंब्या चिखलात रुतल्या होत्या आणि बांधावर रात्रभर वाजवलेला पत्र्याचा डबा उपडा पडला होता. रानडुक्कर मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते, हे नाना जाणून होते. त्यांना नुसता हवेत बार काढायचा असे, आणि त्या आवाजाने कळप ओढ्यापलीकडे पळत असे. आता बंदूक कुलपात होती, आणि मतदान 20 नोव्हेंबरला, म्हणजे भात घरात यायच्या किंवा डुकरांच्या पोटात जायच्या नंतर, होते. पथकातल्या एका वयस्क हवालदाराने फोन हातात घेऊन तो फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारले, “कापलं का काय थोडं तरी?” प्रवाशाला ठाऊक नव्हते. त्याने सगळे कागद आणले होते, ही चौकशी मात्र केली नव्हती. हवालदाराने शिंग उचलले, सदऱ्याच्या बाहीने पितळी तोंड पुसले, अंगठ्याने पट्टी दाबून पाहिली आणि म्हणाला, “ह्याची दारू एका माणसानं माळ्यावर रात रात जागून संपवायची असती, सायेब. सोडा यांना.”

प्रमुखांनी मान हलवली, कारण मागे वाहनांची रांग वाढली होती. वहीत नोंद झाली: रिकामे शिंग एक, लोखंडी गज एक, फोटो व कागदपत्रे पाहून धारकाच्या पुतण्यास परत. प्रवासी तेवढ्यावर निघता तर तो प्रवासी कसला. त्याने नोंदीची सहीशिक्क्यानिशी प्रत मागितली, आणि रांगेतल्या हॉर्नच्या गजरात ती मिळवलीही.

वेल्ह्याला पोहोचेपर्यंत अंधार पडला होता, त्यामुळे पायथ्यावरूनही तोरणा दिसला नाही. नानांनी शिंग खुंटीला अडकवले आणि कंदिलाजवळ बसून ती प्रत दोनदा वाचली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या वस्तूला कागद नव्हता, तिला संशय घेणाऱ्यांनीच सरकारी सहीनिशी मालक बहाल केला होता, हे त्यांच्या तात्काळ ध्यानात आले आणि त्यांनी ती सातबाऱ्याच्या पिशवीत सर्वांत वर ठेवली. मग ती पुन्हा बाहेर काढली, चष्मा पुसला आणि पत्त्यात तालुक्याचे नाव जुनेच लिहिले आहे, तेव्हा उद्या परत नाक्यावर जाऊन ते दुरुस्त करून आण, असे पुतण्याला बजावले.