घाट मुका नाही, पण

काशीयात्रेचे फोटो संगणकावर ओळीने लावून त्यांना आपल्याच आवाजातले निवेदन जोडणे आता फार सोपे झाले आहे आणि घोळ तिथेच होतो. पायऱ्या दिसतात, आवाज सांगतो ‘या पायऱ्या’. होडी दिसते, आवाज सांगतो ‘ही होडी’. मागे बासरी असतेच. दुर्गाघाटावर मात्र डोळ्यांना न दिसणारेच अधिक आहे: हा घाट १८व्या शतकातल्या नारायण दीक्षित पाटणकरांच्या नावे सांगितला जातो, नाना फडणवीसांचा वाडा इथलाच आणि आसपासच्या गल्ल्यांत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. यातले काहीच कॅमेऱ्यात येत नाही. निवेदन हवे ते एवढ्यासाठीच, आणि नेमके हेच त्यातून गळते.

‘घरच्या म्हाताऱ्यांना काही कळायला नको का?’ असा आक्षेप येईल. जरूर कळावे; पण पायरी कशी असते हे सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ठाऊक असते. चित्रांना बोलण्याची जोड देणे आपल्याकडे जुनेच: कल्याणच्या पटवर्धनांचा ‘शांबरिक खरोलिका’ हा मॅजिक लँटर्नचा खेळ १८९०च्या दशकातला, चित्रे दाखवत गोष्ट सांगणारे पिंगुळीचे चित्रकथी तर त्याहून जुने. तिथे चित्राइतकेच बोलण्याला काम होते. चित्रात न मावणारी गोष्ट सांगणारा पुरवी. ‘आम्ही काही कलावंत नाही,’ हेही मान्य. मग गप्प बसण्याला कुठे कला लागते? पॉवरपॉइंट निदान सभ्य आहे: एक स्लाइड जाऊन दुसरी येईपर्यंत ते आवाज टिपतच नाही. त्यामुळे वाक्ये तुटतात, अशी निवेदकांची तक्रार असते. प्रेक्षकांची तक्रार एवढीच, की तो अवधी फार थोडा असतो.