मुदत संपत आलेला विस्तारक

राष्ट्रीय स्वयंसेवक संघात ठराविक मुदतीसाठी घर सोडून पूर्णवेळ काम करणाऱ्या तरुणाला विस्तारक म्हणतात. काही जण उन्हाळ्याच्या सुटीत थोड्या दिवसांसाठी निघतात, काही वर्ष-दोन वर्षांसाठी. मुदत न ठरवता जो निघतो तो प्रचारक. यवतमाळ जिल्ह्यात वणी, दारव्हा, पुसद, उमरखेड अशा तालुक्यांत आढळणारा विस्तारक बहुधा लांब मुदतीचा असतो. वय बावीस-तेवीस, पदवी नुकतीच पदरात पडलेली, लग्न नाही, आणि गाव विदर्भातलेच, कारण संघाच्या रचनेत विदर्भ हा स्वतंत्र प्रांत आहे. पगार नसतो. राहायला कार्यालयाच्या दोन खोल्या, फिरायला कुणीतरी दिलेली जुनी मोटरसायकल आणि जेवायला सारा तालुका.

जगात अशी मुदतबंद सेवा करणारे आणखीही तरुण आहेत. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाची मुले दोन वर्षांसाठी आणि मुली दीड वर्षासाठी धर्मप्रचाराला निघतात. पांढरा सदरा, छातीवर नावाची काळी पट्टी, आणि जोडीदाराला सोडून कुठे जायचे नाही असा दंडक. आठवड्यातला एक दिवस त्यांना कपडे धुवायला आणि घरी खुशाली कळवायला मिळतो. यवतमाळच्या विस्तारकाला जोडीदार मिळत नाही आणि नावाची पट्टी लागत नाही. मोटरसायकलच्या सायलेन्सरच्या आवाजावरूनच कोण आले ते गल्लीला कळते.

या जिल्ह्यात आल्यावर त्याला पहिल्याच आठवड्यात एक हकीकत सांगितली जाते. १९२५ च्या विजयादशमीला नागपुरात संघ सुरू करणारे डॉ. केशव बळीराम हेडगेवार १९३० च्या जुलैत सरसंघचालकपद डॉ. ल. वा. परांजपे यांच्याकडे सोपवून जंगल सत्याग्रहासाठी यवतमाळला आले, लोहाऱ्याच्या जंगलात त्यांनी कायदा मोडला आणि नऊ महिन्यांची शिक्षा घेऊन ते अकोल्याच्या तुरुंगात गेले. म्हणजे डॉक्टर इथे आले ते शाखा लावायला नव्हे, जंगलाचा कायदा मोडायला. त्याच महिन्यात लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला हाच सत्याग्रह केला होता. अणे तेव्हा काँग्रेसचे, त्यामुळे त्यांचा उल्लेख थोडक्यात की सविस्तर, हे समोर कोण बसले आहे ते पाहून ठरते. मुदत संपत येईपर्यंत ही हकीकत विस्तारकाच्या तोंडी इतकी घोटली जाते की मोटरसायकल सुरू करता करताही तो ती सांगून टाकतो.

दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. प्रभात शाखेची त्याला काळजी नसते. तिथे निवृत्त मुख्याध्यापक, तलाठी, बँकेतले साहेब असे लोक येतात. त्यांना झोप येत नाही आणि घरी कुणी ऐकून घेत नाही, त्यामुळे उपस्थिती पक्की. खरी परीक्षा संध्याकाळच्या शाखेची. एक तासाचा कार्यक्रम ठरलेला: ध्वज, खेळ, सूर्यनमस्कार, गीत, प्रार्थना. पण शेजारच्याच मैदानात टेनिस बॉलचे क्रिकेट चाललेले असते, आणि ‘दक्ष’ म्हटल्यावर ताठ उभ्या राहिलेल्या मुलांचे डोळे चेंडूबरोबर सीमारेषेकडे जातात. मृगाच्या पावसात पेरणी, दिवाळीनंतर कापसाची वेचणी, मार्चमध्ये परीक्षा, एप्रिल-मेमध्ये अंगाची लाही करणारे ऊन. संख्या कमी असण्याचे कारण बाराही महिने हाताशी असते, ही या जिल्ह्याची सोय.

संख्या हा विस्तारकाच्या आयुष्यातला सर्वांत जड शब्द. रात्री जिल्हा प्रचारकांचा फोन येतो.

“किती?”

“अकरा.”

“त्यात तरुण किती?”

इथे फोनची रेंज जाते. वणीपासून झरी-जामणीपर्यंत रेंज खरोखरच जाते, म्हणून या युक्तीवर पूर्ण अविश्वास दाखवता येत नाही. अकरांत एक जण मोठ्या भावाला बोलवायला आलेला असतो आणि एक कबड्डी पाहायला थांबलेला. दोघांनाही रांगेत उभे केलेले असते. मुदतीच्या सुरुवातीला विस्तारक असे आकडे सांगताना अडखळतो. शेवटच्या दोन महिन्यांत तो आधी पावसाचे सांगतो आणि मग आकडा.

आठवड्याचे उरलेले दिवस खेड्यांच्या प्रवासात जातात. या गावात साप्ताहिक मिलन, त्या गावात बैठक, कुणाची आजारी आई, कुणाचे तहसीलमध्ये अडकलेले काम. रविवारी एकत्रीकरण. गणवेशाची टिंगल आता कुणी करत नाही. २०१६ च्या विजयादशमीला खाकी हाफपँट जाऊन तपकिरी फुलपँट आली, आणि टिंगलखोरांची नव्वद वर्षांची पुंजी एका दिवसात बुडाली. सोमवारी दुपारी विस्तारक कपडे धुतो. हा कुठला नियम नव्हे. रविवारनंतर घालायला काही उरत नाही, एवढेच.

त्याचा खरा आठवडा मात्र ताटावर चालतो. बौद्धिके, शिबिरे, पत्रके यांचे जेवढे माहात्म्य सांगितले जाते तेवढेच जेवणाच्या पाळीचे सांगायला हवे. ज्या घरी तो जेवतो त्या घरचा मुलगा शाखेत येतो, वडील बैठकीला येतात आणि काकू हक्काने दटावतात. त्याच्या दैनंदिनीत प्रत्येक वारासमोर दोन घरे लिहिलेली असतात. पूर्णवेळ माणूस म्हणजे उपाशी माणूस, अशी वऱ्हाडातल्या प्रत्येक गृहिणीची खात्री असते. “घ्या ना अजून एक पोळी, काय चिमणीवानी खाता!” असे म्हणून चौथी पोळी पडते. नाही म्हटले तर ती अर्धी होऊन पडते, आणि थोड्या वेळाने उरलेली अर्धीही येते. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सगळीकडे वांगी. सकाळी आलू-वांगे, रात्री भरली वांगी, मधे एका घरी चहाला गेला तर तिथेही ‘भाजी चाखून पाहा’ म्हणून वाटी. पाहुणा आहे म्हणून केलेल्या पाटवड्यांची तर्री पाहून त्याच्या कपाळाला घाम येतो, पण मुदतीच्या अखेरीस तोच काकूंना म्हणतो, “आज तिखट कमी झालं जी.” घरून निघताना खांद्यावर पिशवी असते आणि पोट आत असते. परतीच्या वेळी नवी पँट शिवावी लागते.

शेवटचा महिना निराळा. या दिवसांत त्याला प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारला जातो: थांबणार की परत जाणार? संघाच्या बोलीत थांबणे म्हणजे पुढेही काम करत राहणे. घरून आईचा फोन येतो, वडील स्पर्धा परीक्षेच्या क्लासची फी कळवतात, आणि पाळीच्या एखाद्या घरी काकू सहज विचारतात की, “तुमची जात कोणती म्हणाले?” संघटना समरसतेची असली तरी भाचीचा प्रश्न वेगळा असतो. जिल्हा प्रचारक मात्र काहीच विचारत नाहीत. चहा पिताना “विचार कर” एवढेच म्हणतात. त्या दोन शब्दांनी दोन रात्रींची झोप जाते. त्या काळात त्याला बैठकीतल्या सूचना ऐकू येत नाहीत, प्रार्थनेत तो एखादी ओळ आधीच म्हणतो, आणि नागपूरच्या एसटीची वेळ त्याला तोंडपाठ झालेली असते.

मग नवा विस्तारक येतो. कामाचा कार्यभार लेखी द्यायचा असतो: गावे, संपर्काचे फोन, शाखांची नावे. हे दहा मिनिटांत आटोपते. खरा कार्यभार रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तोंडी दिला जातो. कोणत्या घरी वेळेवर जायचे आणि कोणत्या घरी तासभर उशिरा, कोणत्या काकांसमोर राजकारण काढायचे नाही, कुणाचा कुत्रा शाखेच्या शिट्टीला भुंकतो, मोटरसायकल कोणत्या चढावर बंद पडते आणि कुणाच्या दुकानातून पेट्रोल उधार मिळते. नवा मुलगा हे सगळे वहीत लिहून घेतो. जुना म्हणतो, “लिहू नको, काकूंच्या हाती लागलं तर जेवण बंद होईल.”

थांबतात ते थोडे, परततात ते बरेच. परतलेला नोकरी करतो, लग्न करतो, कर्ज काढतो. तरी तो ओळखू येतो. अंथरूण चौकोनी घडी करून ठेवतो, कार्यक्रमाला पाच मिनिटे आधी पोहोचून आयोजकांची पंचाईत करतो, मुक्कामाला गेला की चहाचे कप स्वतः विसळतो. लग्नाच्या पंगतीत सगळे वधूकडे पाहत असतात तेव्हा तो उभा राहून ओळी मोजतो, आणि बायकोने विचारले तर आकडा सांगतो. त्यात तरुण किती, तेही सांगतो.