बहिरं होतं तेच बरं होतं

जावाच्या स्विंग या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीमधलं साधं लेबल हा मोठा सज्जन प्राणी. त्याच्यावर कितीही क्लिक करा, त्याला ऐकूच येत नाही. क्लिक बिनबोभाट खालच्या पॅनेलला पोचतो. एका पतपेढीच्या प्रोग्रॅममध्ये आमचा सगळा संसार या बहिरेपणावर सुखाने चालला होता. प्रत्येक खातेदाराचं एक कार्ड, म्हणजे एक पॅनेल. त्यात नाव, खाते क्रमांक, शिल्लक अशी तीन लेबलं. कुठेही टिचकी मारा, खातं उघडलंच.

मग मॅनेजरसाहेबांचा फोन आला. "अहो, लांब नावांच्या शेवटी नुसती टिंबं दिसतात. माउस नेला की पूर्ण नाव दिसू द्या ना!" मागणी रास्त होती. टूलटिप लावायला एक ओळ पुरते. नावाला लावली, तशी बाकीच्या दोघांनाही लावून दिली. कुणाला वाईट वाटायला नको.

पुन्हा फोन. "नाव झकास दिसतंय हो, पण खातं उघडत नाही. म्हणजे कधी उघडतं, कधी नाही. त्याच्या मूडवर आहे."

संगणकाला मूड नसतो, नियम असतो, आणि तो मूडपेक्षा वाईट. टूलटिप दाखवायची तर माउस आला-गेला हे कळायला हवं. म्हणून स्विंग आपल्याला न विचारता त्या लेबलाला स्वतःचा माउस लिसनर चिकटवतं. झालं, लेबलाला कान आले! आणि कायदा असा, की माउसच्या टोकाखाली सर्वांत आत जो कानवाला सापडेल, इव्हेंट त्याच्याच पदरात. शेंडेफळाने फोन उचलावा, "हं, हं" करून ठेवून द्यावा आणि घरातल्या थोरल्यांना पत्ताही लागू नये, तशातली गत. १९९६ च्या पहिल्या जावात असं नव्हतं. आतल्याने 'फॉल्स' म्हटलं की इव्हेंट मुकाट वर जायचा. १९९७ साली १.१ आवृत्तीत सुधारणा झाली. क्यूटी या तशाच दुसऱ्या लायब्ररीमध्ये मात्र नको असलेला इव्हेंट अजूनही वर पाठवता येतो. सुधारणा तिथे जरा उशिरा पोचत असाव्यात.

उपाय म्हणून लेबलाला बजावलं, की आलेला माल पॅनेलकडे पाठव. त्याने इमानेइतबारे पाठवला, पण पत्ता स्वतःच्या कोपऱ्यापासून मोजून! शिल्लकेवर उजवं क्लिक केलं तर मेनू कार्डाच्या डाव्या टोकाला उगवायचा. मग स्विंगच्याच कन्व्हर्टमाउसइव्हेंटने सगळे पत्ते पॅनेलच्या हिशेबात बदलून घेतले. तोवर माउस आला की बदलणारा कार्डाचा रंग लुकलुकायला लागला होता, कारण माउस लेबलावर सरकला की पॅनेलला वाटायचं, पाहुणे गेले. 'गेले' म्हणण्याआधी माउस खरंच आपल्या हद्दीबाहेर आहे का, हे तपासण्याची सक्ती त्याला केली, तेव्हा कुठे दिवे स्थिर झाले.

नवी आवृत्ती टाकायला पतपेढीत गेलो. काउंटरवरच्या बाई टकाटक खाती उघडत होत्या, तीही जुन्या आवृत्तीत! नाव आणि खाते क्रमांक यांच्यामधली दोन-चार पिक्सेलांची फट त्यांनी हेरली होती आणि नेम धरून बरोबर तिथेच क्लिक मारत होत्या. मी म्हटलं, "बाई, आता कुठेही क्लिक करा, चालेल."

"ते असू द्या," त्या मान वर न करता म्हणाल्या, "ही फट तेवढी जरा मोठी करून द्या."