डिग्रीभाऊ

समोरचा माणूस बोलताना आपल्या डोळ्यांत बघत नसेल तर आपण त्याला लबाड म्हणतो. पण तो डोळ्यापासून अर्धा इंच बाजूला, कानशिलाकडे बघत असेल तर समजावं, मोजणी चालू आहे. आपला हात आपोआप तिकडे जातो. साबण राहिला असेल, मुंगी चढली असेल. तो म्हणतो, "हात खाली घ्या भाऊ, दिसू द्या." मोबाईल पोचला त्या प्रत्येक गावात आता असा एक तरी इसम असतो. आमच्या वऱ्हाडातल्या केनवडचा नमुना ऑनलाईन सेवा केंद्रात, झेरॉक्स मशीन आणि लॅमिनेशनच्या मधल्या खुर्चीत बसतो.

गाव त्याला डिग्रीभाऊ म्हणतं. बी.ए.ची डिग्री घेऊन आला तेव्हा हे नाव कुणाला सुचलं नव्हतं. पुतण्याच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन बसायला लागला, तेव्हा सुचलं.

त्याचं शास्त्र थोडक्यात असं. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढायची. रेघ बाहेरच्या बाजूला चढत असेल तर माणूस पॉझिटिव्ह, उतरत असेल तर निगेटिव्ह. याला तो 'कॅन्थल टिल्ट' म्हणतो आणि म्हणताना आवाज जरा खाली आणतो. बहुतेकांचा बाहेरचा कोपरा आतल्यापेक्षा दोनेक मिलिमीटर वर असतो, म्हणजे चार-पाच अंशांचा चढ; हे त्याने रीलवर पाहिलं आणि विशेष म्हणजे खरं निघालं. २०२० च्या सुमारास जगभरच्या पोरींना कोल्ह्यासारखे तिरके डोळे हवेसे झाले, मग पोरांना शिकाऱ्यासारखे हवेसे झाले. आमच्याकडे कोल्हा तुरीत दिसतो, शिकारी दिसत नाही, तरी साथ केनवडपर्यंत आलीच.

पहिला घोळ 'पॉझिटिव्ह'वरून झाला. एका आजीबाईंचा आधारचा फोटो काढता काढता हा आनंदाने ओरडला, "आजी, तुमचा पॉझिटिव्ह निंघाला! दोन्ही डोये!" आजी घरी जाऊन सुनेला म्हणाली, "मले पॉझिटिव्ह निंघालं म्हन्ते बापा." त्या रात्री आजीची बाज ओसरीत पडली, सुनेने ताट लांबून सरकवलं आणि नातवाने ट्रंकेतून मास्क शोधून काढला. दुसऱ्या दिवशी सगळं घर केंद्रावर येऊन भांडून गेलं. डिग्रीभाऊने भांडण शांतपणे ऐकलं आणि ते गेल्यावर म्हणाला, "सुनेचा निगेटिव्ह आहे. दिसलंच."

हे त्याच्या रक्तात आहे, असं जुनी माणसं म्हणतात. त्याचा आजा बैलांचा हेडी होता. बाजारात बैलाच्या तोंडात हात घालून दात बघायचा: अदात, दोनदाती, चारदाती, जुळलेला. पाठीवरचा भोवरा कुठे पडलाय, पाय कसा टाकतो, डोळा पाणीदार आहे की मेलेला, सगळं बघून रुमालाखाली दुसऱ्याची बोटं धरायचा आणि एक शब्द न बोलता सौदा तोडायचा. आज्याने बघितलेला बैल निदान विकला तरी जायचा. नातू बघतो त्या माणसांचं पुढे काय करायचं, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही.

म्हणून तो तूर्त दुरुस्तीवर समाधान मानतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सचे फोटो त्याच्याकडे तयार होतात. पूर्वी तो फक्त रंग उजळ करायचा. आता प्रत्येकाच्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा माउसने धरून दोन बोटं वर ओढतो. त्यामुळे गेल्या वर्षी रोडवर एक फ्लेक्स लागला त्यात उत्सवमूर्ती, त्यांच्या खाली शुभेच्छुक म्हणून पंचवीस गोल फोटो, आणि सगळे एका आईची लेकरं असल्यासारखे. एकाच्या सासऱ्याने जावई ओळखला नाही. शुभेच्छुकांपैकी कुणीही तक्रार केली नाही, हेही सांगितलं पाहिजे. उलट दोघांनी तोच फोटो लग्नाच्या बायोडाट्याला लावला.

बायोडाटा आला की आपण मूळ दुखण्यापाशी आलो. डिग्रीभाऊचं वय एकतीस, कोरडवाहू साडेतीन एकर, बी.ए., आणि मुलीकडच्यांनी तीन ठिकाणांहून "कळवतो" म्हणून सांगितलेलं. कळवलं कुणीच नाही. वऱ्हाडात अशी पोरं गल्लीगल्लीत आहेत. नोकरी नाही म्हणून मुलगी नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास वांधे होते. पण भावाला कोनमापक लागत नाही. नोकरीला रेघ ओढता येत नाही. तिसऱ्या नकारानंतर डिग्रीभाऊने काउंटरवर मोबाईल प्रिंटरला टेकवून स्वतःचा फोटो काढला, रेघ ओढली, आणि उजव्या डोळ्याला उणे दोन अंश आले. मी त्याला त्या दिवशी पाहिलं होतं. माणूस खूश होता. इतक्या दिवसांनी कारण सापडलं होतं, आणि ते कापून काढता येण्यासारखं होतं.

त्यानंतर त्याने शस्त्रक्रियेचा अभ्यास सुरू केला. कॅन्थोपेक्सी, कॅन्थोप्लास्टी, धागे घालून ओढणं. सातबाऱ्याची प्रिंट निघेपर्यंत गिऱ्हाइकाला यातलं एक प्रकरण ऐकावं लागे. इतिहासही तो सोडत नसे. पुण्याकडच्या एका वैद्याने कापलेलं नाक बसवलं, इंग्रज बघत राहिले, १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट छापून आलं, हे तो असं सांगे की जणू टाके घालताना दिवा यानेच धरला होता. आता ज्याचं नाक बसवलं तो कावसजी इंग्रजांच्या फौजेचा गाडीवान होता, टिपूच्या लोकांच्या हाती लागला म्हणून नाक गेलं होतं. नाकच नव्हतं हो त्याला! पण डिग्रीभाऊच्या लेखी हा तपशील किरकोळ.

आमच्या पिढीला प्लास्टिक सर्जरी म्हटलं की शिबिर आठवतं. मूळचे पंढरपूरचे, अमेरिकेत गेलेले डॉ. शरदकुमार दीक्षित दरवर्षी भारतात येत आणि शिबिरात फुकट शस्त्रक्रिया करत. फाटलेले ओठ, तिरळे डोळे, खाली पडलेल्या पापण्या. १९७८ च्या अपघाताने त्यांचे पाय गेले, पुढे स्वरयंत्राला कर्करोग झाला, तरी खुर्चीत बसून हजारोंनी टाके घातले. २००१ साली पद्मश्री मिळाली, २०११ साली गेले. पापणी उचलून जग दिसायला लागलेलं पोरगं आरशात कोन बघत नसे, आधी आईकडे बघे. हे मी डिग्रीभाऊला एकदा सांगितलं. तो म्हणाला, "पण टिल्ट किती आला, ते कुणी मोजलं का?"

शेवटी तो शहरात एका सर्जनला दाखवून आला. सोबत फाईल घेऊन गेला होता, फोटोंवर लाल रेघा. सर्जन म्हातारा आणि निवांत होता, असं दिसतं. त्याने याला आधी हाडाची कवटी दाखवली. पापण्यांचा बाहेरचा कोपरा म्हणजे नुसती कातडी नव्हे. तिथे एक चिवट बंध असतो आणि तो खोबणीच्या कडेला, आतल्या अंगाने, हाडावरच्या इवल्याशा उंचवट्याला बांधलेला असतो. व्हिटनॉल नावाच्या माणसाचं नाव त्या उंचवट्याला आहे. टाका घालून बंध नुसता ताणला तर पेक्सी, सोडवून नव्याने बांधला तर प्लास्टी. यातली एक पद्धत अँडरसन आणि गॉर्डी या दोघांनी १९७९ साली मांडली. ती कुणासाठी? वय झालं की खालची पापणी सैल पडते, बाहेर वळते, डोळा सारखा गळतो, अशा माणसांसाठी. हौसेने केली तर डोळा कोरडा पडू शकतो, पांढऱ्यावरचा पडदा सुजतो, एक कोपरा माडीवर आणि एक तळघरात असंही होतं. धाग्याने ओढलेलं काही महिन्यांत पुन्हा खाली येतं.

मग सर्जनने विचारलं, "फोटो कसा काढला होता?"

"काउंटरवर ठेवून. प्रिंटरले टेकवून."

सर्जनने मोबाईल याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला, फोटो काढला, रेघ ओढली. अधिक चार. दोन्हीकडे. बाहेरचा कोपरा आतल्यापेक्षा थोडा मागे असतो. खालून कॅमेरा लावला की मागचं ते खाली दिसतं. दोष डोळ्यात नव्हता, प्रिंटरच्या उंचीत होता.

दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. हा चार दिवस केंद्र उघडायला आला नाही. जिवापाड जपलेलं कारण एका फोटोत गेलं. पाचव्या दिवशी आला, कुलूप काढलं, आणि मी विचारायच्या आत म्हणाला, "डॉक्टरचा स्वतःचा निगेटिव्ह आहे. त्याले काय समजते!"

त्याच दिवशी एक आबाजी पीएम-किसानच्या केवायसीला आले होते. दोन हजारांचा हप्ता अडकला होता. अंगठा मशीन घेत नव्हतं, रेषा कामाने झिजलेल्या. म्हणून चेहरा दाखवून करायचं ठरलं. त्या ॲपला टिल्ट नको असतो. ते फक्त डोळे मिचकवा म्हणतं. आबाजींच्या तोंडावरून कधीकाळी वारं गेलं होतं. डावा डोळा मिटेना, म्हणून तेव्हा डॉक्टराने दोन्ही पापण्यांचा बाहेरचा कोपरा एकमेकींना शिवून टाकला होता. उघडा राहून डोळा सुकू नये, बुबुळाला जखम होऊ नये म्हणून. डिग्रीभाऊ उठून काउंटरवरून वाकला. इतक्या जवळून खराखुरा शिवलेला कोपरा त्याने कधी पाहिला नव्हता.

"आबाजी, हे कुठी केलं?"

"काऊन? तुले पायजे का?"

"मिचकवा," डिग्रीभाऊ म्हणाला. आबाजींनी उजवा मिचकावला, डावा जरासा थरथरला. ॲप फिरत राहिलं. पुन्हा. रांगेतल्या बाया पदर तोंडाशी नेऊन हसायला लागल्या, कारण सत्तरीचा माणूस भर दुकानात मोबाईलला डोळा मारत होता. आबाजींनाही गंमत वाटली असावी. त्यांनी असा काही ठसकेबाज डोळा मारला की हिरवी खूण आली. डिग्रीभाऊने वीस रुपये घेतले आणि रेघ ओढली नाही. म्हणजे ओढली असती, पण तेवढ्यात लाईट गेली.

या दिवाळीनंतर त्याच्याकडे मेहकरकडचे पाहुणे आले. मुलगी, आई-बाप, मामा. पोहे झाले, चहा झाला. मुलीने सरळ बघून विचारलं, कॉम्प्युटरचा कोणता कोर्स केला. याने सांगितलं. मग मामाने कप खाली ठेवला आणि विचारलं, "केंद्र घरच्या जागेत आहे का भाड्याच्या?"

"भाड्याच्या."

"बरं," मामा म्हणाला, "कळवतो."

मी संध्याकाळी गेलो तेव्हा डिग्रीभाऊ झेरॉक्सच्या ट्रेमध्ये कागद भरत होता. काय झालं म्हणून विचारलं.

"पोरगी चांगली होती," तो म्हणाला. "पण मामा निगेटिव्ह. सहा डिग्री! असा माणूस कळवत नसते भाऊ."

आणि मग, माझ्या डोळ्याच्या अर्धा इंच बाहेर बघत, "तुम्ही जरा उजेडात या बरं."