कूलर विकणे आहे, मालक नाही

जुनी वस्तू अनोळखी माणसाला हातोहात विकायची म्हटलं की व्यवहारात वस्तू येते, पैसा येतो आणि तो अनोळखी माणूस येतो. वस्तू चालवून बघता येते, पैसा मोजून घेता येतो. माणसाची चौकशी करायला गेलं की तो म्हणतो, "भाऊ, भरोसा नाही का माह्यावर?" ज्याचं तोंड चार मिनिटांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं त्याच्यावर भरोसा नाही, याची लाज मग विक्रेत्यालाच वाटते. फसवणुकीचा बराचसा धंदा या लाजेच्या भांडवलावर चालतो.

बुलढाणा जिल्ह्यात कोणती वस्तू कधी विकली जाईल, हे घाट ठरवतो. मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर हे घाटाखालचे तालुके. तिथे मार्च लागला की जुना कूलर कुणीही उचलून नेतो, मग त्याचा पंप बंद असो की पत्र्याला भोक पडलेलं असो. घाटावर बुलढाण्याकडे त्याच कूलरला गिऱ्हाईक शोधावं लागतं. बाकीचा माल दोन्हीकडे सारखाच: स्प्लेंडर, पाण्याची मोटार, फवारणीचा पंप, स्प्रिंकलरचे पाइप, सुनेचं नवं कपाट आल्यामुळे ओट्यावर आलेलं सासूचं कपाट. पूर्वी या वस्तू गावातल्या गावात किंवा पाहुण्यारावळ्यांत फिरत. घेणारा ओळखीचा असल्यामुळे फसवणूक होत नसे असं नाही; पण फसलेला माणूस पुढच्या लग्नात भर पंगतीत कूलरचा विषय काढी आणि हिशेब तिथेच चुकता होई. आता जाहिरात फोनवर पडते आणि घेणारा कुठल्या पंगतीतला आहे, हे कळत नाही.

अनोळखी माणसाशी सौदा करण्याची रीत मात्र जिल्ह्याला नवी नाही. बैलबाजारात ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि कुठल्याही ॲपच्या सूचनांपेक्षा पक्की आहे. बाजार ठरलेल्या वारी भरतो, दिवसाउजेडी भरतो आणि बाजार समितीच्या आवारात भरतो. विकणाऱ्यासोबत गावचे दोघेतिघे असतात, घेणाराही आपली माणसं घेऊन येतो. बैलाचे दात पाहिले जातात, त्याला चालवून पाहिलं जातं. जमलं तर जुंपूनही पाहतात. दलाल मध्ये पडतो, उपरण्याखाली हात जातात आणि बोटं दाबून भाव ठरतो. बाजूला उभ्या असलेल्या दहा जणांना भाव कळत नाही, पण कोणी कोणाला बैल दिला, हे शंभर जण पाहतात. इसार दिला जातो, उरलेली रक्कम मोजली जाते, समितीची पावती फाडली जाते आणि मगच कासरा एका हातातून दुसऱ्या हातात जातो. आता तर जनावराच्या कानात १२ आकडी क्रमांकाचा बिल्लाही असतो. आधार क्रमांकाचे आकडेही तेवढेच. थोडक्यात, बैलबाजारात भाव झाकलेला आणि माणूस उघडा असतो. फोनवरच्या बाजारात नेमकं उलटं आहे: भाव सगळ्या जगाला दिसतो आणि माणूस उपरण्याखाली. सावधगिरीचे बहुतेक नियम त्याला तिथून बाहेर काढण्यासाठीच आहेत.

सुरुवात जाहिरातीपासून होते. फोटो वस्तूचा काढावा, घराचा काढू नये. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण कूलरच्या फोटोत कूलर एकटा क्वचितच असतो. मागे उघडं कपाट दिसतं, कपाटाला लटकलेला किल्ल्यांचा जुडगा दिसतो, कोपऱ्यात नवा टीव्ही दिसतो, आणि खाली मजकूर असतो: 'शुक्रवारी सहकुटुंब देवदर्शनाला जात असल्याने तातडीने विकणे आहे.' चोराला यापुढे काही विचारायची गरज उरत नाही. शिवाय 'तातडीने' हा शब्द वाचून प्रामाणिक गिऱ्हाईकही हजार रुपये कमी सांगतं. गाडीचा फोटो टाकताना नंबर प्लेट झाकावी. आरसी बुकाचा, आधारचा किंवा बँक पासबुकाचा फोटो 'खात्रीसाठी पाठवा' म्हणणाऱ्याला पाठवू नये. कागद भेटीत दाखवायचे असतात, आणि तेही आपल्याच हातात धरून. पत्त्याच्या जागी गावाचं नाव पुरतं. गल्ली, मारुतीच्या देवळापासून तिसरं घर, निळा दरवाजा, हा तपशील ठरलेल्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवावा.

मग फोन सुरू होतात. पहिला वर्ग 'लास्ट किती?' असं विचारणाऱ्यांचा. हे लोक पहिला भाव ऐकण्याआधीच शेवटचा विचारतात. ते उपद्रवी असले तरी निरुपद्रवी आहेत. दुसरा वर्ग 'संध्याकाळी येतो' म्हणणाऱ्यांचा; त्यांची संध्याकाळ कोणत्या पंचांगात आहे ते कळत नाही. जपायचं ते तिसऱ्यापासून. हा वस्तू न पाहता घेतो, घासाघीस न करता घेतो आणि पैसे आत्ता पाठवतो म्हणतो. वऱ्हाडात भाजीची जुडीसुद्धा भाव पाडल्याशिवाय कोणी घेत नाही. तिथे सहा हजारांच्या कूलरला सहा हजारच देणारा माणूस दिसला, की विक्रेत्याला आनंदाऐवजी घाम फुटायला हवा.

हा तिसरा बहुधा फौजी असतो, निदान तो तसं सांगतो. सैन्याचं ओळखपत्र, कॅन्टीनचं कार्ड, गणवेशातला फोटो असं सगळं न मागता पाठवतो. बदली झालेली असते, सामान न्यायला गाडी येणार असते. या सोंगाला इथे विशेष धार चढते. २०१९ च्या पुलवामा हल्ल्यात या जिल्ह्यातले २ जवान गेले. वर्दीतल्या माणसाला उलट प्रश्न विचारणं इथे कोणाला बरं वाटत नाही, आणि ठगाला ते पक्कं ठाऊक असतं. खरा जवान स्वतःचं ओळखपत्र कूलरसाठी अनोळखी माणसाला पाठवत नाही, एवढं लक्षात ठेवलं तर त्या वर्दीचा मानही राहतो.

पुढची पायरी ठरलेली असते. 'आर्मीच्या खात्यातून पैसे येतात, पद्धत जरा वेगळी आहे. हा कोड स्कॅन करा, पिन टाका, जमा होतील.' आधी १ रुपया खरोखर पाठवून विश्वासही बसवला जातो. इथे यूपीआयचा एकच नियम कामाचा आहे: पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. व्यक्तीने व्यक्तीकडे पैशाची मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर बंद झाली, त्यामुळे ठगांची एक वाट बुजली. कोडची वाट अजून उघडीच आहे.

गिऱ्हाईक खरं निघालं की भेटीची जागा ठरवायची. अमेरिकेतल्या काही शहरांत पोलीस ठाण्याच्या आवारात अशा खरेदी-विक्रीसाठी जागा राखून ठेवलेली असते. आपल्याकडे 'ठाण्यात भेटू' म्हटलं तर सज्जन गिऱ्हाइकाचेही पाय लटपटतात. 'कूलर घ्याचा हाय राजेहो, जामीन नाही,' असं तो म्हणेल. ठाण्यासमोरची चहाची टपरी मात्र चालते. बसस्थानक, बँकेचं दार, बाजार समितीचं फाटक याही जागा उत्तम. वेळ दिवसाची असावी आणि सोबत एक माणूस असावा. तो धिप्पाड नसला तरी चालेल, बोलका असावा. राजूर घाटातून दिसणारा देखावा कितीही सुंदर असला, तरी संध्याकाळी सात वाजता तिथल्या वळणावर मोबाइल विकायला जाऊ नये.

आडवाटेच्या भेटीचं काय होतं, हे पाहायला जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. खामगाव तालुक्यात नकली गिन्न्यांच्या फसवणुकीचे गुन्हे पोलिसांकडे अनेकदा नोंदले गेले आहेत. पाया खणताना सोन्याच्या गिन्न्यांचा हंडा सापडला, बोभाटा नको म्हणून स्वस्तात देतो, असा फोन दूरच्या माणसाला जातो. नमुन्याची गिन्नी अस्सल असते. सराफ तसं सांगतो. मग गिऱ्हाईक रोकड घेऊन सांगितलेल्या निर्जन जागी येतं आणि तिथे नकली गिन्न्या तरी मिळतात, नाहीतर मार मिळतो. इथे लुटला जातो तो घेणारा, तरी धडा विकणाऱ्याच्याही कामाचा आहे: जागा समोरच्याने ठरवली आणि तिथे तिसरा माणूस नसला, की सौदा त्याच्या हातात जातो. जुनी चांदी विकायची असेल तर खामगावात चांदीची पेढी सोडून फोनवरचं गिऱ्हाईक शोधण्याचं काहीच कारण नाही.

कूलर, कपाट, पाण्याची मोटार असला माल बसस्थानकावर नेता येत नाही. त्यासाठी गिऱ्हाइकाला घरी बोलवावं लागतं. अशा वेळी वस्तू आधीच ओट्यावर किंवा अंगणात काढून ठेवावी. कूलर चालू करून दाखवायला बोर्ड आत असतो, म्हणून गिऱ्हाईकही आत येतं, हा युक्तिवाद एक्स्टेंशन बोर्डाने खोडून काढता येतो. घरात एकटं कोणी असेल तर भेट पुढे ढकलावी. शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवावं. न सांगताही त्या येणारच असतात, पण सांगितल्यावर हक्काने येतात. गिऱ्हाईक कोण, कुठलं, कोणाच्या घरचं, त्याचा मामा कोण, हे त्या जेवढ्या वेळात काढतात तेवढ्या वेळात विक्रेत्याचा चहासुद्धा उकळत नाही.

दुचाकीच्या विक्रीत सगळ्यात नाजूक क्षण असतो 'एक चक्कर मारून येतो' या वाक्याचा. चक्कर न मारता गाडी कोणी घेत नाही, आणि चक्कर मारायला गेलेला परत येईलच असं कोणी सांगू शकत नाही. यावर गिऱ्हाईक स्वतः तोडगा सुचवतं: 'हा माहा दोस्त इथं थांबते.' दोस्त थांबतो, चहा घेतो, दुसरा घेतो. अर्ध्या तासाने विचारपूस केल्यावर कळतं की दोस्ताचीही त्याच्याशी ओळख आज सकाळचीच, टपरीवरची. म्हणून चक्कर मारणाऱ्याच्या मागे स्वतः बसावं, नाहीतर ठरलेली रक्कम आधी हातात घेऊन मगच किल्ली द्यावी. त्याची स्वतःची गाडी किल्लीसकट ठेवून घेणंही चालतं, पण ती त्याचीच आहे हे कागदावर पाहून. डिकीतले कागद आधी काढून ठेवावेत. चोराला गाडी कागदपत्रांसह देण्याइतकी सेवा कोणी मागितलेली नसते.

पैसे घेताना फोनवरच्या हिरव्या खुणेकडे पाहू नये. पैसे गेल्याचं चित्र दाखवणारी खोटी ॲप निघाली आहेत. गिऱ्हाइकाच्या फोनवर ती इतकी सुंदर चालतात की बँकेचं खरं ॲप त्यापुढे मळकट वाटतं. रक्कम आपल्या खात्यात आपल्या फोनवर दिसली पाहिजे. 'सर्व्हर डाऊन आहे, रात्री पडतील' असं म्हटलं तर कूलरही रात्रीच न्यावा. रोकड असेल तर बँकेत मोजून भरणं उत्तम, कारण ५०० ची खोटी नोट ओळखायला कॅशियरइतका संशयी माणूस दुसरा नाही. ट्रॅक्टरसारख्या मोठ्या सौद्यात आणखी एक अडचण असते: एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे. पिशवीभर नोटा आणणारा पाहून हरखून जायच्या आधी हे आठवावं.

मोबाइल विकताना सिम आणि मेमरी कार्ड काढावं, गूगलचं खातं उतरवावं, मग फोन पूर्ण कोरा करावा. नुसते फोटो पुसून भागत नाही. बिल आणि खोका सोबत द्यावा. जुना फोन घेणाऱ्यानेही *#०६# दाबून फोनचा आयएमईआय क्रमांक काढावा आणि सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर तपासावा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही गुन्हाच आहे. शेतातल्या मोटारींच्या चोऱ्या ज्या गावांनी भोगल्या आहेत, तिथे बिलाशिवाय मोटार विकायला आलेल्याकडे लोक कसे पाहतात, हे सांगायला नको. बिल हरवलं असेल तर साध्या कागदावर दोघांच्या सह्या, वस्तूचा क्रमांक, तारीख आणि 'जशी आहे तशी' एवढे शब्द लिहून घ्यावेत. गिऱ्हाइकाच्या ओळखपत्रावरचं नाव तिथेच टिपावं.

गाडीचं प्रकरण कागदावर सही करून मिटत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. त्यासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे नमुने भरावे लागतात. कर्जावर घेतलेली गाडी असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि ३५ क्रमांकाचा नमुनाही लागतो. हे सगळं 'घेणारा करून घेईल' म्हणून सोडून देण्याची रीत आहे. घेणारा ते करत नाही. मग गाडी त्याच्या दारात असते आणि नाव याचं. एमएच-२८ ची ती स्प्लेंडर पुढे कुठे धडकली, तर नुकसानभरपाईच्या दाव्यात नोंदणीतला मालकच मालक धरला जातो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. नाव बदलल्याची नोंद पाहिल्याशिवाय विक्री पूर्ण झाली असं समजू नये.

इतकं करूनही पैसे गेले, तर पहिला फोन मेहुण्याला न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर करावा. मेहुणा 'मी आधीच सांगत होतो' म्हणण्यात जी पंधरा मिनिटं घेतो, तेवढ्यात रक्कम दोनतीन खाती ओलांडते. लवकर कळवलं तर ती वाटेत गोठवता येण्याची शक्यता असते. बँकेलाही लगेच कळवावं. समोरासमोर दमदाटी झाली तर ११२ लावावा आणि वस्तू सोडून द्यावी. सहा हजारांच्या कूलरसाठी हात मोडून घेतला तर प्लास्टरमध्येच कूलरची किंमत जाते.

सौदा नीट पार पडला तर शेवटचं काम म्हणजे जाहिरात काढून टाकणं. ती राहिली तर दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान चालू असताना संग्रामपूरहून फोन येतो आणि पलीकडचा माणूस विचारतो, "भाऊ, लास्ट किती?"