पाणी सोडून सगळ्याची हमी

प्रति,
माननीय अंडररायटर साहेब,
गृहविमा विभाग, आपण जिथे कुठे बसत असाल तिथे.

सा. न. वि. वि.

न्यू जर्सीत घर घेतलं, त्याच्यामागे स्विमिंग पूल आयताच मिळाला, आणि यंदा नूतनीकरणाच्या वेळी आपली एचओ-३ पॉलिसी अथपासून इतिपर्यंत वाचून काढली. ऊर भरून आला. जमिनीत बांधलेल्या आमच्या तलावाला आपण ‘इतर बांधकामे’ या सदरात, सुट्या गॅरेजच्या आणि कुंपणाच्या पंगतीला बसवलं आहे. घराच्या विमारकमेच्या साधारण १० टक्क्यांत या सगळ्यांनी भागवायचं. तलावाला आग लागली, वीज पडली, वादळात झाड कोसळलं, तर आपण धावून येणार. पाण्याने भरलेल्या खड्ड्याला आग लागेल याची काळजी आमच्या आईवडिलांनीही कधी केली नव्हती.

पाण्याचं मात्र नाव काढायचं नाही. पूर आला, भरपाई नाही. सफाईसाठी उपसलेला तलाव भूजलाच्या दाबाने होडीसारखा वर उचलला गेला, नाही. जानेवारीत भिंत तडकली? गोठणं, वितळणं, पाण्याचा आणि बर्फाचा दाब किंवा वजन, हे सारं अपवादांच्या यादीत हजर, आणि तिथे स्विमिंग पूलचा नावानिशी उल्लेख. म्हणजे तलावात पाणी असतं, ही बातमी आपल्यापर्यंत पोचलेली आहे.

आपली खरी माया शेजारच्या पोरांवर. नेब्रास्कात रेल्वेचं इंजिन फिरवायच्या चकतीवर खेळताना एका लहान मुलाचा पाय चिरडला, तो खटला १८७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गाजला. तिथून रुजलेलं तत्त्व असं, की मुलांना भुरळ घालणारी धोक्याची वस्तू आवारात ठेवलीत, तर न विचारता आत शिरलेलं पोरही तुमच्या जबाबदारीवर. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, हे मला पटतं. अमेरिकेत एक ते चार वर्षांची मुलं सर्वाधिक दगावतात ती बुडूनच. म्हणून चार फुटी कुंपण घातलं, आपोआप मिटणारं फाटक बसवलं, डायव्हिंग बोर्ड उखडून टाकला. त्यावर आपल्या एजंटचा सल्ला आला, की १ लाख डॉलरचं दायित्वाचं कवच अपुरं आहे, ५ लाख करा, शिवाय १० लाखांची अम्ब्रेला पॉलिसी घ्या. घेतली.

पण हे सगळं परक्यांसाठी. शेजारी काठावर घसरला, तर चूक कुणाची हे न विचारता औषधपाण्याला हजार ते पाच हजार डॉलर मिळतात. माझा मुलगा घसरला, तर तो पडला घरचा, त्याला छदाम नाही.

आता मुद्द्याचं. सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांच्या मुक्कामाला आल्या आहेत. त्या पॉलिसीच्या दृष्टीने पाहुण्या की घरच्या? आमच्याकडे या प्रश्नावर दोन मतं आहेत आणि एक दर महिन्याला बदलतं. तेव्हा आपणच लेखी निर्णय द्यावा. गणपतीच्या आत कळवलंत तर उपकार होतील, कारण विसर्जनाची आरती त्यांना तलावाच्या काठावरच हवी आहे, नऊवारी नेसून.

आपला,
हप्ते वेळेवर भरणारा एक विमेदार